खरवडलेली लेबलं

चाळीस वर्षं एलिएसेरनं बारान्कीयाच्या गल्ल्यांत कपाटाएवढ्या स्पीकरांचा पिको दणाणवला आणि गाण्याचं नाव दुसऱ्या पिकोवाल्यांना कळू नये म्हणून प्रत्येक तबकडीवरचं लेबल खरवडून टाकलं. सुई टेकली की तबकडी तो कानानंच ओळखायचा. आता कानच गेले. टीव्हीवरची जाहिरात बघून मागवलेलं हे तिसरं कानयंत्र. तेही नुसतंच खरखरत होतं. "घाल आधीच्या दोन्हींबरोबर डब्यात, बहिऱ्या," बायको त्याच्या कानाशी ओरडली. "आज लग्नाचा वाढदिवस, आपलं गाणं लाव." दोनशे तबकड्या, सगळ्या सारख्याच बोडक्या. त्यानं दमून शेवटी अंदाजानं एक लावली. "हेच ना गं?" "हेच हेच," म्हणत ती अंगणात नाचायला लागली. त्यानं हळूच स्पीकरच्या लाकडावर तळवा टेकवला. ठेका हाताला कळला: गाणं भलतंच होतं. बायकोची पावलं मात्र त्यांच्या लग्नातल्या गाण्याच्या ठेक्यावर पडत होती.