नको असलेली बाजू

"मॅडम, ही बाजू मला नको," अमरेश म्हणाला. "शिकलेल्या पोरानं बापाचाच धंदा धरावा, हे मी कसं पटवून देऊ? मलाच पटत नाही की."

"म्हणून तर तुलाच दिली," महेश्वरी मॅडम म्हणाल्या. "पटलेलं कुणीही लिहितं. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या जागी जाऊन बस आणि तिथून लिही."

पटवून देणारं लेखन शिकवायला घेतल्यापासून मॅडमनी हाच धोशा लावला होता. बाकी वर्गाला मजा वाटत होती. अमरेशचा मात्र जीव टांगणीला लागलेला. पुण्याच्या कॉलेजात पत्रकारितेला त्याचा नंबर लागला होता. फी भरायची मुदत शनिवारी संध्याकाळी संपत होती. आणि इथं घरी वडील, धोंडप्पा, विषय काढला की एवढंच म्हणायचे, "बघू."

आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच, आणि मागच्या शेडमध्ये टॉवेलचे माग. त्या 'बघू'चा अर्थ अमरेशनं 'नाही' असाच लावला होता.

"मन लावून लिही," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी वाचन ऐकायला पालक येतील. तेव्हा तुझ्या वडिलांशी पुण्याचं मी बोलते."

मग पोरगं इरेला पेटलं. वडिलांच्या जागी बसायचं म्हणून तो खरोखरच शेडमध्ये जाऊन बसला. तुटलेला धागा आता अप्पांना पटकन दिसत नाही, माग थांबले की घर खायला उठतं, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्यानं ते सगळं लिहिलं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, पण मत तसूभरही हललं नाही. जायचं म्हणजे जायचं.

शनिवारी कुणाला कोणती बाजू दिली ते मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं. धोंडप्पा त्यानंतर आले आणि मागच्या बाकावर टेकले. अमरेश वाचायला उभा राहिला.

"अप्पा, तुम्हाला एकट्याला मागापाशी सोडून मी कुठं सुखानं झोपणार? माझी जागा तुमच्या शेजारीच आहे."

मॅडमनीसुद्धा पदर डोळ्यांना लावला. धोंडप्पा मात्र वाचन संपायच्या आतच फोन काढून बाहेर गेले. आपलं घर चव्हाट्यावर मांडलं म्हणून अप्पा रागावले, असं अमरेशला वाटलं.

टाळ्या थांबल्यावर मॅडम त्याला घेऊन व्हरांड्यात आल्या. "धोंडप्पा, अमरेशच्या पुण्याबद्दल जरा बोलायचं होतं."

"आता काय बोलायचं, मॅडम?" धोंडप्पांनी डोळे पुसले आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवला. इतके खूश ते आई गेल्यापासून दिसले नव्हते. "मला वाटायचं, ह्याला माग नको झालेत. म्हणून ह्याला न सांगताच ते विकून आज फी भरणार होतो. गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात आलतं बगा. आत्ताच फोन करून माघारी लावलं त्येला."