सत्तर किलो

आकडा सत्तर किलोनं जास्त होता. क्रेनवालीनं डोळे चोळले, काटा दाखवणारी काच पदरानं पुसली, पुन्हा पाहिलं. आकडा जागचा हलायला तयार नव्हता.

खाली हुकाला एक अख्खं बाथरूम लटकत होतं. फरशी, आरसा, नळ, कमोड, सगळं कारखान्यात बसवून आलेलं; इथं तपासणीची सही झाली, की पोरं बाहेरून कडी लावून प्लास्टिक गुंडाळत आणि वर मोहोर ठोकत. हल्ली ऑफिसच्या इमारती बांधत नाहीत, जुळवतात. सकाळपासून अशी अकरा तिनं वर चढवली होती. एकाच साच्यातली भावंडं ती. प्रत्येकाचं वजन दोन हजार चारशे, चार-पाच किलो इकडं नाहीतर तिकडं. हे बारावं आणि शेवटचं. चौदाव्या मजल्याचा तेवढाच कोपरा उघडा राहिला होता. उद्या तिथं काच बसणार, परवा क्रेन उतरणार. आज हे आत गेलं नाही, तर पुढं काय ते खिडकीतून चमच्यानं भरवणार?

नेहमीच्या पद्धतीनं तिनं ओझं वीतभर उचलून थांबवलं होतं.

"वहिनी, घ्या वर," रेडिओवर दीर म्हणाला. खाली उभं राहून हुकावर नजर ठेवणं हे त्याचं काम. घरातली दोन्ही कमावती माणसं अशी एकाच क्रेनला लटकलेली.

"भाऊजी, जरा दम धरा."

दम धरणं मालकाच्या पत्रिकेत नव्हतं. त्यानं दिराच्या हातातला रेडिओ ओढून घेतला. "काय झालं ताई? डुलकी लागली का वर?"

"साहेब, सत्तर किलो जास्त भरतंय."

"मग? तुमच्या क्रेनला सत्तर किलो झेपत नाहीत?"

"क्रेनला झेपतात. मला झेपत नाहीत."

खाली क्रेनचा बदली ड्रायव्हर फिस्सकन हसला. हसणारच. गेल्याच महिन्यात तिनं असंच काम थांबवून एक मोहोर तोडायला लावली होती. आत फरशी चिकटवायच्या मसाल्याची दोन पोती निघाली. मोहोर तुटलेला माल ऑफिसवाली कंपनी घेत नाही; नवीन बाथरूम यायला सहा आठवडे गेले. तेव्हापासून साइटवर येणारा-जाणारा तिला विचारायचा, 'ताई, पोत्यांना चहापाणी केलं का?'

"हे बघा," मालक म्हणाला, "माझ्या हातात कागद आहे. 'आत जाऊन पाहिलं, रिकामं आहे.' खाली सुरक्षा अधिकाऱ्याची सही. आता तुमचा काटा खरा, का त्याची सही खरी?"

"त्यांनाच बोलवा ना."

"जेवायला गेलाय. उचला!"

तिचा हात दांडीवर गेला. तेवढ्यात हुकाजवळच्या कॅमेऱ्यात बाथरूमचा डावा कोपरा किंचित खाली गेला. बोटभर. मग तो वर आला आणि उजवा खाली गेला. वाऱ्याचा पत्ता नव्हता. क्रेनच्या टोकाला बांधलेली चिंधी मेल्यासारखी पडली होती.

तिनं ओझं हलकेच जमिनीला टेकवलं.

"खाली का ठेवलं?" मालकाचा आवाज चिरकला.

"डोलतंय, साहेब."

"फ्लशच्या टाकीत पाणी राहिलं असेल. तेच हिंदकळतंय."

"पाणी हिंदकळतं आणि निवतं. हे निवत नाही." "हे वजन येरझाऱ्या घालतंय."

बाजूला काँक्रीटचा पंप असा घुमत होता, की त्या डब्यात कुणी ढोल बडवला असता तरी बाहेर ऐकू आला नसता.

"ताई, खाली उतरा," मालक शेवटी म्हणाला. "दुसरा चढेल."

बदली ड्रायव्हर शिडीपाशी हातमोजे चढवायला लागलासुद्धा. माणूस वाईट नव्हता. फक्त 'हो साहेब' सोडून तिसरा शब्द त्याला येत नव्हता. तिनं क्रेन बंद केली आणि किल्ली कमरेला खोचली.

"उतरते, साहेब. पण किल्ली माझ्याकडं आहे. दार उघडल्याशिवाय मिळायची नाही."

"उघडतो! पण आत पोतं निघालं, तर तुम्ही आणि हा तुमचा दीर, दोघंही आत्ता फाटकाबाहेर. पुन्हा कुठल्याही साइटवर उभं राहू देणार नाही."

पोतं असलं तर? काटा बिघडला असला तर? स्वतःचं ती सोसेल. पण दिराचं लग्न ठरायच्या बेतात होतं.

"भाऊजी," ती ओरडली, कारण रेडिओ मालकाच्या हातात होता, "तुम्ही काय म्हणता?"

दिरानं मान वर केली. मग मालकाच्या हातातल्या रेडिओपाशी तोंड नेलं.

"घरी आईला काय सांगायचं ते तुम्ही बघा, वहिनी. प्लास्टिक मी कापतो."

सुरी फिरली. मोहोर तुटली. बाहेरून लावलेली कडी त्यानं दोन्ही हातांनी ओढली. कॅमेऱ्यात तिला फक्त दाराचा वरचा काठ दिसत होता. तो उघडला.

मग कॅमेऱ्यात एक हेल्मेट आलं. त्याच्याखाली, घामानं निथळत, भिंतीला धरत एक माणूस बाहेर पडला. सुरक्षा अधिकारी.

मालक एकदा त्याच्याकडं बघे, एकदा हातातल्या कागदाकडं. "अहो, सही तर तुमचीच आहे! मग तुम्ही आत काय करत होता?"

"रोज नुसती सहीच करतो, साहेब," तो धापा टाकत म्हणाला. "आज म्हटलं, एकदा खरंच आत जाऊन बघावं, कुणी राहिलंय का."