शेवटच्या बार्जेची ओटी

"वैनी, उद्या बार्ज पाण्यात सोडतत. ओटी भरूक तुमी येवा." कृष्णनाथ फोरमन दारातच उभा राहून, खाली मान घालून बोलला.

विमलाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मांडवीकाठच्या त्या यार्डात एके काळी खनिज वाहणारी नवी बार्ज तिच्या हातून ओटी भरल्याशिवाय पाण्यात उतरत नसे. मुख्य वेल्डरच्या बायकोचा तो मान. पुढच्या टोकाला हळदकुंकू, मग खण, नारळ, तांदूळ. मग दोर सुटायचा आणि सगळा यार्ड ओरडायचा. खनिजाचे दिवस होते ते. एक बार्ज उतरते न उतरते तोच दुसरीचा सांगाडा उभा राहायचा.

मग उद्या सुटणारी हीच बार्ज बांधताना तिच्या टाकीत वायू पेटला आणि विमलाचा नवरा दिनकर गेला. शेजारची बार्ज उतरली तेव्हा विमला ताट घेऊन गेली, तर बायकांनी ते हातातून काढून घेतलं. म्हणे, पांढऱ्या पायाची! दिनकर ज्या लोखंडात जळाला ते लोखंड शुभ, आणि त्याची बायको तेवढी अशुभ. वा रे न्याय!

पुढे खाणी बंद पडल्या. या बार्जेला इंजिन बसलंच नाही. कामगार म्हणत होते, ट्रॉलर दुरुस्त करू, फेरीबोटी बांधू, यार्ड चालवू. यार्डाचा मालक गौरेशशेठला ऐकायचंच नव्हतं. त्याला नदीकाठची जमीन हॉटेलला विकायची होती. बेळगाव-चंदगडची माणसं ट्रंका उचलून गावी गेली. इथल्याच गावातले वेल्डर गवंड्याच्या हाताखाली लागले.

"आज बरी माझी आठवण झाली?" विमलानं विचारलं.

"ओढून भंगारात नेतले तिका, वैनी. ओटी भरल्याबगर कामगार दोर सोडूक तयार नाय. आणि मराक चाललेल्या बार्जेची ओटी भरूक खंयचीच सवाष्ण येना. शेठाची बायलसुद्धा नाय म्हणाली."

म्हणजे बारशाला नको, मयताला चालते! विमलाच्या अंगाची लाही लाही झाली. याच्या तोंडावर दार आपटावं असं तिला वाटलं. पण बार्ज दिनकरच्या हातची होती. बिचारीचा त्यात काय दोष?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गंजलेल्या पत्र्याला तिनं बोटानं नाही, अख्ख्या तळव्यानं कुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. पत्र्यावरून हात फिरवताना तिचे डोळे भरून आले. कामगार हात जोडून उभे होते.

गौरेशशेठ मागून घाई करत होता. "आटपा, आटपा! हॉटेलवाले जागेची पूजा करायला येतायत. आणि वैनी, तुमचं झालं की जरा बाजूला व्हा हं. पूजेला तुम्ही समोर नको."

कामगारांनी माना खाली घातल्या. विमला वळली आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाली, "माझो घोव गेलो म्हणून मी पांढऱ्या पायाची. तुमच्या पायान अख्खो यार्ड गेलो. मग बाजूक कोणी सरूचा, शेठ?"