पुराचा भोंगा

इरावतीच्या शुद्धलेखनाच्या सगळ्या दुरुस्त्या लगेच स्वीकारल्या गेल्या. प्रत्येकीखाली आपोआप आभाराच्या फुलाचं चित्र उमटलं. पुराचा भोंगा वाजवणाऱ्या त्या मोफत प्रोग्रॅमची मराठी पुस्तिका ती हौसेनं तपासत होती.

एक दुरुस्ती मात्र परत आली.

"ताई, पाण्याची पातळी फुटांत भरा असं छापलंय, ते चूकच आहे. प्रोग्रॅम मीटर धरतो. पण शुद्धलेखनात दुसरं काही मिसळायचं नाही, असा आपला नियम आहे. वेगळी पाठवा," प्रकल्प सांभाळणाऱ्या शार्दूलनं लिहिलं.

तिनं वेगळी पाठवली.

स्थिती: प्रलंबित.

"शार्दूल, बघितलीस का रे?"

"मजकुरातला बदल दोघांनी तपासल्याशिवाय घेता येत नाही. दुसरा सुट्टीवर आहे. पुस्तिका कुठे पळून जातेय, ताई!"

स्थिती: प्रलंबित.

स्थिती: प्रलंबित.

मग त्याच दुरुस्तीखाली एका अनोळखी माणसानं लिहिलं, "आमच्या गावात भोंगा मीच बसवला. तीस फुटांवर धोका, म्हणून पुस्तिकेत वाचून तीस भरले. परवा पाणी त्याच्याही वर गेलं, पण भोंगा वाजलाच नाही. आई खालच्या आळीत होती. 'भोंगा वाजला की निघ,' असं मीच तिला सांगून ठेवलं होतं. माझं काय चुकलं?"

इरावतीनं उत्तर लिहायला घेतलं. पुसलं. पुन्हा घेतलं.

तेवढ्यात शार्दूलनं नियम बाजूला ठेवून दुरुस्ती स्वीकारली.

त्या माणसाच्या प्रश्नाखाली, आपोआप, फूल उमटलं.