पेटीची वेगळी वाट

आग्नेल सरांनी कागदावर लाल रेघ ओढली आणि तो देवव्रतकडे सरकवला. वरची चाल सरांनी दिलेली, लांब लांब सुरांची. तिच्याखाली दुसरी देवव्रतने रचायची होती.

"अरे, हा तर बापाचं बोट धरून चाललाय," सर म्हणाले. "तो चढला की हा चढला, तो उतरला की हा उतरला. यात दोन माणसं कुठायत?"

सरांनी गोराईच्या चर्चमध्ये आयुष्यभर गाणारे तयार केले होते. नियम ते सोपे करून सांगत. एक वर निघाला की दुसऱ्याने शक्यतो खाली यावं. दोघे षड्ज-पंचमावर भेटले तर लगेच तसंच जोडीने पुढच्या सुरावर जाऊ नये. मग दोन आवाज राहत नाहीत, एकच जाडा होतो. भेटायचं, पण चिकटायचं नाही.

देवव्रत चिकटूनच वाढला होता. वडील मार्तंडबुवा कीर्तनकार, आणि मिसरूड फुटण्याआधीपासून हा त्यांच्यामागे पेटीवर. बुवा रंगात आले की मध्येच पट्टी बदलायचे. पेटीने तिथल्या तिथे त्यांना गाठायचं. श्रोते त्याला बुवांची लहर म्हणत. दुसरे पेटीवाले आले तसे पळाले. देवव्रतला पळायला जागा नव्हती. या साथीपायी बोरिवलीतली नोकरी सुटली, ठरत आलेलं लग्न फिसकटलं. घरी त्याने मागून काही विचारलं तर बुवा उत्तरसुद्धा देत नसत. ते चिंतनात असतात रे, अशी तबल्यावरचे बाळाकाका त्याची समजूत घालायचे.

आता सरांच्या ओळखीने पणजीत संगीतरचना शिकायला जागा मिळत होती. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. बुवांना तोंडाने सांगायची त्याची छाती नव्हती. मग त्याने ठरवलं, पेटीनेच सांगायचं. बुवांनी थांबवलं, तर जन्मभर हीच बैठक. चालू दिलं, तर तीच परवानगी.

पार्ल्याच्या देवळात पूर्वरंग आटोपला. बुवांना हार घातला, बुक्का लावला, नामघोष झाला. उत्तररंगात बुवांनी अभंग घेतला. ध्रुवपद देवव्रतने नेहमीसारखं वाजवलं. पहिल्या कडव्याला बुवा चढले आणि देवव्रत उतरला.

बाळाकाकांचा हात तबल्यावर अडखळला. दर कीर्तनाला पुढ्यात बसणाऱ्या रत्नप्रभाबाईंनी जपमाळ थांबवून वर पाहिलं. बुवांनी पट्टी बदलली, तीही त्याने धरली आणि पुन्हा आपल्या वाटेने निघाला. दोन दारांनी देवळात आलेली दोन माणसं गाभाऱ्यापाशी भेटावीत, तसे ते दोन सूर भेटत होते, हात जोडत होते, वेगळे होत होते.

देवव्रत बुवांच्या हाताकडे पाहत होता. तो हात आता वर होईल, कीर्तन थांबेल. तसं काहीच झालं नाही. बुवा डोळे मिटून, दोन्ही हात पसरून गात राहिले. देवव्रतला भाता नीट दिसेना. बाबा जा म्हणाले होते.

आरती झाली. त्याने वाकून नमस्कार केला, तेव्हा बुवांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"आज मन भरलं रे," बुवा म्हणाले. "एका सुरानेही माझ्यापासून हलला नाहीस. अगदी रोजच्यासारखा."

आणि ते वळून उपरण्याची घडी घालू लागले.

"बाबा," देवव्रत मागून म्हणाला. मग जरा मोठ्याने म्हणाला. मग इतक्या मोठ्याने, की पायऱ्यांवर चपला शोधणारी माणसं वळून पाहू लागली.

बाळाकाकांनी मान खाली घातली. बुवांच्या कानी काहीच गेलं नव्हतं; ते शांतपणे घडी घालत होते.