येते आणि जाते

"येते," असं फाटकावरच्या पडद्याला सांगून प्रणोतीताई निघाल्या, पण फाटक उघडलं नाही. त्या पुन्हा कामावर आल्या, अशी नोंद पडद्याने केली होती. पूर्वी कारखान्यात हजेरी, पगार, कँटीन आणि दवाखाना यांच्या चार खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत भांडायला एक माणूस होता. आजपासून सगळ्यांचा मिळून हा एकच पडदा होता.

"ताई, 'जाते' म्हणा," सुपरवायझर कोठावदे खेकसला.

"निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? त्यातून आज ह्यांचं ऑपरेशन आहे."

"मग बसा इथेच. त्याला अपशकुन कळत नाहीत."

"तुला तरी कुठे कळतात, मेल्या?"

शेवटी त्या दातओठ खात "जाते" म्हणाल्या. फाटक लगेच उघडलं. रस्ता ओलांडायच्या आत मुलाचा फोन आला.

"आई, बाबांना थिएटरच्या दारातून परत आणलं. कंपनीचा विमा बंद झालाय म्हणतात. तू नोकरी सोडलीस?"

प्रणोतीताई धावत मागे आल्या. "येते, अरे, येते," त्या बंद फाटकाला म्हणत राहिल्या.

पडद्याने अदबीने विचारलं, "आपलं कोणाकडे काम आहे?"