अळूचा खड्डा

शेवटचं पिंप कलंडलं तेव्हा बाउरोच्या हातांत जोर उरला नव्हता. डिझेल भदाभदा अळूच्या खड्ड्यात उतरलं आणि देठांभोवती चकाकायला लागलं. हा खड्डा त्याच्या आज्याने प्रवाळाचा खडक फोडून खणला होता. लग्नाला, मयताला कंद निघायचे ते इथूनच. आता इथे गवताची काडीसुद्धा उगवणार नव्हती. बाउरोने झावळ्या ओढून खड्डा झाकला आणि रिकामी पिंपं झुडपांत लोटली.

समुद्रावर ती दिसत होती. करडी, टोकदार नाकाची गस्तीची बोट. कुठल्याशा मोठ्या देशाने दान दिलेली. देणाऱ्याने बोट दिली, तेल कोण देणार? म्हणून बिचारी राजधानीच्या बेटावर धक्क्याला बांधलेली असायची आणि लोक तिची टिंगल करायचे. त्या टिंगलीवर विसंबूनच बाउरोने परक्या जहाजाला आपल्या हद्दीत जाळी टाकू दिली होती, आणि गप्प बसण्याबद्दल ही चार पिंपं घेतली होती. आणि आज, नेमकी आजच, ती सरळ त्याच्या बेटाकडे येत होती.

त्याने वाळूने हात खसाखसा घासले. वास काही जाईना.

घराशी आला तर झोपडीतून मारेवाचं कण्हणं ऐकू आलं. कालपासून लेक अडली होती. मूल आडवं आलंय, असं सुईण म्हणाली होती. जावई मालवाहू जहाजावर, जगाच्या पार पलीकडे. इस्पितळ राजधानीत, आणि बाउरोची होडी त्या उघड्या समुद्रावर टिकणारी नव्हती. आज मला नेलं तर पोरीपाशी कोण? उद्या न्या बाबांनो, जन्मभर कोंडून ठेवा, पण आज नको.

बायको, रोतिया, बाहेर आली. बोट बघून तिने डोळे मिटले आणि पदर नव्हता म्हणून हाताच्या पालथ्या बाजूनेच ते पुसले. कालही ती अशीच पाद्रीबाबांकडून प्रार्थना करून, डोळे पुसत आली होती.

"ती कशाला आलीय, ठाऊक आहे मला," बाउरो म्हणाला.

"ठाऊक आहे ना? मग तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका. पाहुण्याचं बघा," असं म्हणून ती आत गेली. तिने त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

कप्तान एकटाच वर आला. तेकाई नावाचा तरणा, रुंद खांद्यांचा माणूस. खलाशी रबरी होडीपाशीच थांबले. बाळंतिणीच्या झोपडीकडे परक्या पुरुषाने फिरकायचं नसतं, म्हणून तो मुकाट बाउरोच्या चटईवर येऊन बसला. बाउरोने शहाळं फोडलं.

पाहुणा शहाळं प्यायला की यजमानाने विचारायचं, काय काम काढलंत? तोवर पाहुण्याने कामाचं बोलायचं नाही. बेटाबेटांवर हीच रीत. बाउरो विचारतच नव्हता. विचारलं की संपलं.

"आणखी एक घ्या."

"पुरे, बाबा."

"मासा भाजतो. घरचा आहे."

"बाबा, मासा राहू द्या." कप्तानाने पाण्याकडे पाहिलं. "भरती ओसरायच्या आत निघायला हवं आम्हाला."

बाउरोने तरीही मासा भाजायला घेतला. भाजला, वाढला. कप्तानाने रीतीपुरता एक घास घेतला, पण त्याचा पाय सारखा हलत होता. मग त्याने नाक वर करून हुंगलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"डिझेलचा वास येतोय."

"जुन्या इंजिनाचा," बाउरो म्हणाला.

"बरं बरं, जुन्या इंजिनाचा." कप्तान हसला. त्या हसण्यानेच बाउरोला जास्त भीती वाटली. मांजर उंदराशी खेळतं तसं हे पोरगं खेळतंय, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात झोपडीतून मोठी किंकाळी आली. कप्तान ताडकन उठला, आणि रीत आठवून पुन्हा बसला. रोतिया धावत बाहेर आली.

"अहो, बसलात काय नुसते? विचारलंत का त्यांना? तुम्ही विचाराल, मग ते बोलतील, म्हणून मी केव्हाची वाट बघतेय."

आता सुटका नव्हती. बाउरोने दोन्ही मनगटं जवळ घेतली, बेड्यांसाठी पुढे करावीत तशी. "काय काम काढलंत, कप्तान?"

"तुमच्या लेकीला इस्पितळात न्यायला आलोय, बाबा. दुसरं काय?"

बाउरोला आधी कळलंच नाही. मग तो बसल्या जागीच लहान पोरासारखा रडायला लागला. रडता रडता हसला. "मग उठा ना. चला, निघा. मी उचलतो तिला. आत्ता उचलतो."

कप्तान उठला, पण निघाला नाही. त्याने अवघडून रोतियाकडे पाहिलं. "टाकी कोरडी पडलीय, बाई. आलो तेच जेमतेम."

"हो, हो, ठाऊक आहे." रोतिया नवऱ्याजवळ बसली आणि आज पहिल्यांदाच तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "रागावू नका. काल पाद्रीबाबांच्या रेडिओवरून मीच सगळं सांगितलं. तेल नाही म्हणाले, तेव्हा म्हटलं, यायला पुरेल तेवढं कुठूनही मिळवा, परतीला आमच्याकडे चार पिंपं आहेत. माझ्या माणसाला पकडायचं तर मागाहून पकडा. आता उठा, दाखवा त्यांना कुठे ठेवलीत ती."